‘होना’ म्हणजे पाहिजे

संभाजीनगरात रोशन गेटच्या आतल्या बाजूला, चपलांच्या दुकानाला लागून शाइस्ता आपाचं शिवणाचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन मशिनी, एक कापायचं टेबल आणि भिंतीवर टांगलेले गरारे, म्हणजे गुडघ्यापासून खाली घेर सुटणारे नवरीचे पायजमे. पण लग्नाचा गरारा म्हणला की पोरी जालन्याहून, बीडहून इथं येतात. बाईच्या हाताला तोड नाही आणि जिभेला हाड नाही. गुडघ्यावरच्या चुण्या जराशा तिरप्या आल्या तरी सगळं उसवून परत घालणार, आणि गिऱ्हाईकानं घाई केली की म्हणणार, "बाई, लग्न तुझं आहे. घाई मला कशाला लावतीस?"

आपाचं स्वतःचं लग्न मात्र झालं नाही. बाप लवकर गेला. मग धाकट्या बहिणी उजवल्या, भाऊ अफजलला शिकवून पुण्याला नोकरीला धाडलं, आणि हे सगळं होईस्तोवर आपाचा असा काही दरारा झाला की तिच्यापुढं लग्नाचा विषय काढायची कोणाची छाती राहिली नाही. पन्नाशी कधी ओलांडली ते तिलाही कळलं नाही. आता सगळा बाजार तिला आपा म्हणतो, म्हणजे थोरली बहीण. दात पडलेले म्हातारेसुद्धा म्हणतात. आणि आपाही सगळ्यांना भाई करून टाकते. बटणवाला भाई, दूधवाला भाई, लाइट बिल वाटणारा पोरगाही भाईच.

अशा या करड्या बाईला एक नाद होता. नवाबी काळातल्या प्रेमाच्या मालिका. दुपारी डबा उघडला की मोबाइल बॉबिनच्या डब्याला टेकवायचा आणि बघायचं. तिकडं हवेल्या, झुंबरं, पालख्या, आणि एक नवाबजादा, जो नायिकेकडं बघून नुसता श्वास सोडतो. बोलत काही नाही. ती दिव्याजवळ वाचत बसलेली असते, खिडकीतून वारा येतो, तर हा गडी जाऊन खिडकीत पाठ करून उभा राहतो, दिवा विझू नये म्हणून. तिचं वाचून होतं, ती उठून जाते, तिला पत्ताच नसतो. इकडं आपाच्या हातातली भाकर हातातच.

"अय हय! ह्याला म्हणतात मोहब्बत," आपा डोळे पुसत म्हणायची.

बाजूला मनकर्णाबाई बसलेली असायची. ही हर्सूलची, आपाच्या दुकानात तुरपाई आणि हुक-बटणाला. दोघींचा एका डब्यातला जेवणारा स्नेह आणि दिवसभराचं भांडण. मनकर्णाबाईला मालिकेतलं निम्मं उर्दू कळत नव्हतं, पण मत सगळ्यावर होतं.

"आवं आपा, त्यो खिडकीत हुबा राह्यला त्यापरीस खिडकीच लावून घ्यायची ना मेल्यानं!"

"तुला नाही कळायचं. खिडकी कोणीही लावतं."

"माझ्या मालकानं तर खिडकी बी लावली नाय कधी," मनकर्णाबाई म्हणायची, आणि दोघी खो खो हसायच्या.

आपाचं मत पक्कं होतं. अशी माणसं आता राहिली नाहीत. ती अदब, ते न बोलता जीव लावणं, सगळं त्या पालख्यांबरोबर गेलं. आणि गोष्ट अशी की हे मत ती रोज संध्याकाळी मोईनमियाँच्या रिक्षात बसून जास्तच पक्कं करायची.

मोईनमियाँ म्हणजे आपाची लावलेली रिक्षा. आपा राहते छावणीत, दुकान रोशन गेटला. अफजल पुण्याला जाताना ओळखीची रिक्षा लावून गेला होता, ती तशीच चालू राहिली, वर्षानुवर्षं. मोईनमियाँ विधुर, हाडकुळे, दाढी अर्धी पांढरी. एकुलता मुलगा फारूख वैजापूरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. मियाँ मात्र छावणीतच, एका खोलीत एकटे. बोलणं असं की तोंडातून शब्द काढायला पक्कड लागावी.

आणि रिक्षा? बैलगाडी परवडली! मिल कॉर्नरच्या सिग्नलला सगळं जग पुढं घुसतं, तर मोईनमियाँ मागंच, लिंबाच्या झाडाखाली थांबणार. सिग्नल सुटून परत लागायचा, मागचे हॉर्न वाजवून वेडे व्हायचे. स्पीडब्रेकर आला की असे काही चढवणार की रिक्षात दुधाची घागर ठेवली असावी. समोरचा आरसा तर छताकडं वर केलेला, त्यात बघायला काही दिसेल तर शपथ.

"मियाँ, तेज चलो ना! मेरा जनाजा लेके जा रै क्या?" आपा रोज ओरडायची.

"जी," मियाँ म्हणायचे, आणि वेग तोच.

घरासमोर उतरताना मात्र रोज दोन शब्द असायचे. इंजिन चालूच, मान थोडी वळवून ते विचारायचे, "कुछ होना?"

बाहेरच्या माणसाला हे समजायचं नाही. दिल्लीकडं ‘होना’ म्हणजे असणं, घडणं. आपल्या संभाजीनगरच्या दखनी उर्दूत ‘होना’ म्हणजे पाहिजे. चाय होना, म्हणजे चहा पाहिजे. पोरी मोबाइलवर मालिकेतल्या बेगमेचा फोटो दाखवून म्हणतात, "आपा, ऐसाइच गरारा होना." तसं मियाँ विचारायचे, काही पाहिजे का? दळण, औषध, गॅसचा सिलिंडर, बाजारातनं काही?

"नक्को," आपा म्हणायची आणि मागं न बघता दार उघडायची. एवढंच. प्रश्नही रोजचा आणि उत्तरही रोजचं.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हाची गोष्ट. एका सोमवारी उतरताना मियाँनी "कुछ होना?" विचारलं नाही. म्हणाले, "शाइस्ताबी, जुम्मे से दूसरी रिक्षा देख लेना पडेगा. फारूख बुला रा. अब उधरीच रहना बोलके जिद करा. गुरुवार आखरी."

म्हणजे शुक्रवारपासून मोईनमियाँ वैजापूरला, कायमचे.

"अच्छी बात है," आपा म्हणाली. "बेटे के पास रहना अच्छा." आणि आत जाऊन दार लावलं. त्या संध्याकाळी तिनं मोबाइल लावला, नवाबजादा आला, श्वास सोडून गेला, आणि आपाला काय चाललंय ते कळेना. छातीत काहीतरी दाबल्यासारखं होत होतं. तिनं दोष वांग्याच्या भाजीला दिला.

मंगळवारी दुकानात अनर्थ झाला. एका नवरीचा गरारा होता, लाल जरीचं कापड, एकाच बाजूनं सुलट असलेलं. अशा कापडाचा एक पाय कापला की दुसरा कापताना कापड उलटावं लागतं. शिकाऊ पोरीलाही हे पहिल्या दिवशी सांगतात. आपानं न उलटताच कात्री चालवली. गरार्‍याचे दोन्ही पाय डावे!

मनकर्णाबाईनं तुकडे हातात धरले, जुळवले, परत जुळवले, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "आपा! नवरी काय लंगडी घालत जाणार हाय का मांडवात?"

आपा मटकन स्टुलावर बसली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बरं झालं, त्याच ताग्यातलं उरलेलं कापड घरी, छावणीत, पेटीत होतं. मोईनमियाँना फोन केला, किल्ली मनकर्णाबाईच्या हाती दिली आणि तिला एकटीलाच रिक्षानं धाडलं.

मनकर्णाबाई परत आली ती कंबर धरून.

"मेले मी! आपा, ह्यो तुमचा मियाँ माणूस हाय का राकेस? माझा मणका ढिला केला त्यानं!"

"कोण, मोईनमियाँ?" आपाला वाटलं ही थट्टा करतेय. "अगं, त्यांची रिक्षा मुंगीला ओलांडू देईल."

"कशाची मुंगी! एक बिरेकर सोडला नाय, धाडकन घातली. ह्ये बगा, टकुरं आपटलं. आन् सिंगलला? तुमी म्हनता झाडाखाली थांबतो. नाय! म्होरं जाऊन हुबा राह्यला भर उन्हात, माझं डोसकं तापून निगालं. म्या म्हनलं, मियाँ, सावलीला घ्या की. तर म्हनतो, बाई, अर्जंट काम है ना."



मनकर्णाबाई बोलता बोलता थांबली. तिची बोटं कंबरेवरून निघाली. बाई अडाणी असेल, पण मूर्ख नव्हती.

"आन् आरसा," ती सावकाश म्हणाली. "म्या बसले तशी त्यानं आरसा खाली केला, सरळ. मागनं येणाऱ्या गाड्या बगायला. तुमी बसता तवा वर आसतो ना? छताकडं?"

"असतो," आपा म्हणाली. "बिघडलाय तो."

"कुटं बिघडलाय! मगाशी तर ब्येस फिरत व्हता. आवं, तुमास्नी बगितल्यावानी वाटू नये म्हनून वर करतो त्यो! तुमचा मणका दुखू नये म्हनून हळू जातो. तुमाला ऊन लागू नये म्हनून झाडाखाली. आन् तुमी रोज त्येला शिव्या देता!" मनकर्णाबाईनं कपाळावर हात मारला. "काखेत कळसा आन् गावाला वळसा! इकडं त्या मोबाइलातल्या मुडद्यानं खिडकीत पाठ केली तर रडता, आन् हितं जित्ता माणूस इतकी वर्सं वारं अडवून हुबा हाय, त्येला बैलगाडी म्हनता!"

आपा उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि आपाला राग आला की ती आधी कात्री शोधते, तशी तिनं शोधली. "काहीबाही बोलू नकोस. असं काही असतं तर माणूस बोलला नसता का?"

"तुमचा नवाब कुटं बोलतो?"

आपाला कात्री सापडली होती, ती तिनं परत खाली ठेवली.

"बरं, मला येक सांगा," मनकर्णाबाईनं सुईत दोरा ओवता ओवता शेवटचा टाका घातला. "समदा बाजार तुमाला आपा म्हनतो. मियाँनं कदी म्हनलं? शाइस्ताबी म्हनतो. आन् तुमी दुनियेला भाई भाई करता, मग त्येला भाई का नाय म्हनत कदी?"

खरंच की. आपानं आठवून बघितलं. मियाँ म्हणते मी. मोईनमियाँ. आणि मियाँ म्हणजे साहेब, तसं मियाँ म्हणजे नवराही. या अल्ला! तिनं ओढणी तोंडावर ओढली आणि टेबलाकडं पाठ करून उभी राहिली. खांदे हलत होते. मनकर्णाबाईला आधी वाटलं आपा रडतेय, मग वाटलं हसतेय. दोन्ही होतं.

बुधवारचा दिवस आपाचा रागाचा गेला. राग स्वतःवर, राग मियाँवर. म्हणे, बोलायला काय जात होतं? आता गुरुवारी गाडीत बसवून आणणार आणि शुक्रवारी निघून जाणार, मूग गिळून! तिला वाटलं, शेवटच्या दिवशी तरी तो काही म्हणेल. मालिकांत म्हणतातच. शेवटच्या भागात नवाबजादा घोडा वळवून परत येतो. मग लगेच दुसरी भीती. या वयात? बहिणींच्या सासरी काय म्हणतील? पोरी दुकानात येऊन तोंडात ओढणी धरून हसतील. आणि न बोलावं तर शुक्रवारी दाराशी दुसरी कुठलीतरी रिक्षा येईल, फास्ट जाणारी.  बास, त्या फास्ट रिक्षानं तिला खरं सांगितलं. तिला मोईनमियाँ जायला नको होते. पार नको होते.

गुरुवारी संध्याकाळी आपा रिक्षात बसली. नवीन सुरमई सलवार-कमीज घातली होती, कशासाठी ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही. आरसा वर होता. ती एकेक गोष्ट बघत निघाली, जणू पहिल्यांदाच त्या रस्त्यानं चालली होती. पहिला स्पीडब्रेकर आला. मियाँनी हँडल असं हळू धरलं की चाकं एकामागून एक अलगद उतरली. मिल कॉर्नरला ऊन थेट तोंडावर होतं. मियाँ मागं, लिंबाखाली थांबले. मागचा पोरगा हॉर्न वाजवू लागला. सावली मागच्या सीटवर बरोबर पडली होती, आपाच्या कपाळापासून पायापर्यंत. स्वतः मियाँचा उजवा खांदा आणि गाल उन्हात होता.

इतकी वर्षं हा गाल उन्हात होता आणि ती म्हणत होती, तेज चलो.

"बोला ना," ती मनात म्हणत होती. "काहीतरी बोला."

लोखंडी पूल गेला. मियाँ बोलले नाहीत. छावणीत शिरले तर गुरुवारचा बाजार भरलेला, आणि बाजारात रिक्षा अडकली. पुढं मेथीचा ढीग, मागं टेम्पो, उजवीकडं कडुबा कांदेवाला तराजू घेऊन ओरडतोय, डावीकडं बांगड्या. घर समोर दिसत होतं. मियाँनी रिक्षा जागेवर थांबवली, मान थोडी वळवली. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

"कुछ होना?"

शेवटचा प्रश्न होता. उद्यापासून हा विचारणारा नव्हता.

आपाला आठवलं, मालिकेतल्या बेगमा अशा वेळी काय काय सुंदर बोलतात. एकही शब्द सुचेना. मनात एकच शब्द होता, रोजचा, दळणाचा, चहाचा.

"होना," ती म्हणाली.

मियाँचा हात हँडलवर थांबला. इतक्या वर्षांत हे उत्तर आलं नव्हतं. "क्या होना?"

"तुम होना."

नेमका त्याच वेळी मागच्या टेम्पोनं असा भोंगा वाजवला की कावळे उडाले. मियाँ गोंधळून म्हणाले, "जी? क्या बोले?"

झालं! आयुष्यात एकदा धीर केला तर तो भोंग्यानं खाल्ला. आता दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, जाऊ दे, दळण आणा. पण ही शाइस्ता आपा होती. तिरपी चुणी तिनं कधी तशी सोडली नव्हती. ती रिक्षातून खाली उतरली, पुढं येऊन मियाँच्या समोर उभी राहिली आणि दुकानात गिऱ्हाईकाला दटावते त्या आवाजात ओरडली,

"होना बोली मैं! तुम होना मेरे को! वैजापूर नक्को जाओ!"

मेथीवाली थांबली. बांगड्यांवरच्या बाया वळल्या. टेम्पोवाल्यानं भोंग्यावरून हात काढला. आणि त्या शांततेत कडुबा कांदेवाल्याचा भोळा आवाज आला, "आपा, काय पायजे म्हनता? कांदे का? आज वैजापूरचे हायती, ग्वाड."

आपा गर्रकन वळली. तिचे डोळे भरले होते आणि हनुवटी वर होती.

"कांदे नकोत कडुबा. हा माणूस पाहिजे!"

मग बांगडीवाली "अगं बया!" म्हणाली आणि टाळ्या पिटू लागली. कडुबानं तराजू खाली ठेवला आणि कांद्यांची एक थैली भरून रिक्षाच्या मागच्या सीटवर ठेवली, म्हणाला, शकुन हाय, पैसे राहू द्या. मेथीवाली हसली, टेम्पोवाला हसला, ज्यांना काय झालं ते कळलं नव्हतं तेही हसले.

मोईनमियाँ हसले नाहीत. ते खाली बघत होते. त्यांनी इंजिन बंद केलं. मग वर हात केला, छताकडं तोंड करून असलेला आरसा धरला आणि हळूच खाली वळवला.

"बैठो, शाइस्ताबी," ते म्हणाले. "मेरे को भी होना. कब का होना."

पुढं जे व्हायचं ते रीतीनं झालं. फारूखनं आधी वैजापूरहून चार प्रश्न विचारले, मग मिठाई घेऊन आला. अफजलनं पुण्याहून फोन करून "आपा, लोग क्या बोलेंगे" म्हणलं, तर आपानं सांगितलं, "लोगां को क्या होना, वो लोगां देख लेंगे. मेरे को क्या होना, मैं देख ली." निकाहाच्या दिवशी मनकर्णाबाई मिरवत होती, जसं काही तिनंच नवरदेव शिवून दिला.

पण मला सांगायचं होतं ते त्या गुरुवारचं. आपा परत रिक्षात बसली, मांडीवर कांद्यांची थैली. लोकांनी वाट करून दिली. मियाँनी किक मारली, एकदा आरशात बघितलं, आरशातून आपानं बघितलं, आणि रिक्षा अशी सुटली, अशी सुटली की घरापुढचा स्पीडब्रेकर त्यांना दिसलाच नाही. धाडकन उडी बसली. कांदे रस्ताभर पळाले, आपाचं डोकं छताला आपटलं.

"मियाँ, आस्ते!" आपा डोकं चोळत, हसत ओरडली. "आस्ते चलाओ ना!"